उबदार बंडी आणि तिचे बटण

उन्हाळ्यात होरपळणारा आपला खानदेश पौषात तितकाच गारठतो. भडगावसारख्या गिरणाकाठच्या गावी पहाटेचा वारा वृद्धांच्या हाडांपर्यंत पोहोचतो. अशा वेळी घरातला एखादा हौशी नातू आजोबांच्या बंडीत तापणारे पॅड शिवून, त्याला बटण जोडून देतो. हेतू प्रेमाचा असतो. म्हणूनच त्यातील धोका आधी समजून घ्यावा.

बटण केवळ वीजप्रवाह जोडते आणि तोडते. कापड किती तापले, हे त्याला कळत नाही. ते कळावे लागते त्वचेला. आणि दीर्घकाळच्या मधुमेहात किंवा पक्षाघातानंतर हीच संवेदना बोथट झालेली असते. 44 अंश सेल्सिअस तापमानाने त्वचा लगेच भाजत नाही. पण ते एकाच जागी सुमारे 6 तास टिकल्यास त्वचा भाजते. पुढे दर अंशागणिक हा अवधी जवळजवळ निम्मा होतो. ज्यांना चटका जाणवत नाही, ते बटण बंद करणार तरी केव्हा?

म्हणून बंडी करायचीच असेल, तर काही बंधने पाळावीत. भिंतीतील 230 व्होल्टची वीज अंगावरच्या कपड्यात कदापि आणू नये. 5 व्होल्टची पॉवर बँक वापरावी. 2 अँपिअर घेणारे पॅड 10 वॅट ऊब देते. छातीपाठीला तेवढी पुरते. 10,000 मिलिअँपिअर-तासांच्या पॉवर बँकेवर ते साधारण 3 तास चालते. धन तारेवर प्रथम 3 अँपिअरचा फ्यूज, मग बटण, मग 40 अंशांना आपोआप प्रवाह तोडणारा थर्मोस्टॅट आणि शेवटी पॅड, असा क्रम ठेवावा. थर्मोस्टॅट पॅडला चिकटलेला असावा. बटण डीसी प्रवाहासाठी योग्य क्षमतेचे, मोठे आणि छातीच्या बाजूस असावे. थरथरत्या बोटांनाही ते सापडले पाहिजे. जोड सोल्डर करून त्यांवर स्लीव्ह चढवावी. हे काम जाणकार वायरमनकडून तपासून घ्यावे.

पहिली परीक्षा वृद्धांवर घेऊ नये. पॅडखाली तापमापक ठेवून वरून शाल पांघरावी आणि अर्धा तास थांबावे. तापमान 40 अंशांवर गेल्यास ती बंडी वापरू नये. नंतर काळजी घेणाऱ्याने ती स्वतः घालून पाहावी. वृद्धांना देताना आत सुती सदरा असावा, पॅडला घडी पडू नये आणि दर अर्ध्या तासाने त्वचा पाहावी. लाली दिसली की बंडी उतरवावी. झोपताना ती नकोच. पेसमेकर असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारावे. त्वचेवर औषधी पट्टी असल्यास तिच्यावर ऊब देऊ नये, कारण उष्णतेने औषध अधिक वेगाने शरीरात शिरू शकते.

थंडी एकाएकी फार वाजू लागली, तर आधी रक्तक्षय व थायरॉइडची तपासणी करावी. एरवी कानटोपी, पायमोजे, गोधडी आणि सकाळचे कोवळे ऊन यांना बटण लागत नाही. आणि बंडी घातलीच, तर तिचे खरे बटण म्हणजे अधूनमधून पाठीवरून फिरणारा तुमचा हात.