कोर्टाचे दार कधी बंद होते?

वाचकहो, बातमीत 'इन कॅमेरा सुनावणी' असे वाचले की घरातली तरुण मंडळी हमखास विचारतात, "म्हणजे शूटिंग करणार का?" खरे तर नेमके उलटे. लॅटिन भाषेत 'कॅमेरा' म्हणजे खोली. इंदूर-ग्वाल्हेरकडे रोज कानावर पडणारा 'कमरा' हा शब्दही पोर्तुगीजांमार्फत त्याच मुळातून आला आहे. तेव्हा इन कॅमेरा म्हणजे बंद खोलीत, लोकांना बाहेर ठेवून.

एरवी न्यायालय सर्वांसाठी खुले असते. जागा असेल तर कोणीही मागच्या बाकावर बसून कामकाज ऐकू शकतो. सप्टेंबर २०२२ पासून सर्वोच्च न्यायालयातील घटनापीठाचे कामकाज तर घरबसल्या थेट पाहता येते. चारचौघांदेखत खोटे बोलायला माणूस कचरतो, आणि न्यायाधीशांवरही लोकांची नजर राहते. मग दार बंद कशासाठी?

हा प्रश्न मुंबईतल्या एका दाव्यातून सर्वोच्च न्यायालयात गेला होता. १९६४ मध्ये 'ब्लिट्झ' साप्ताहिकाच्या संपादकांविरुद्ध अब्रुनुकसानीचा दावा चालू असताना एका साक्षीदाराने विनंती केली, की माझी साक्ष छापू नका, आधीच्या बातम्यांनी माझ्या धंद्याचे नुकसान झाले आहे. उच्च न्यायालयाने ती मान्य केली. त्याविरुद्ध पत्रकार नरेश मिरजकर आणि त्यांचे सहकारी दिल्लीला गेले. १९६६ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने ठरवले, की खुली सुनावणी हा नियमच आहे. पण उघडेपणामुळे न्यायच अडत असेल तर न्यायालय त्याला अपवाद करू शकते. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी मात्र वेगळे मत नोंदवले.

काही खटल्यांत हा अपवाद आता कायद्यानेच ठरवून दिला आहे. बलात्काराच्या खटल्यांची सुनावणी इन कॅमेरा व्हावी, ही तरतूद १९८३ मध्ये आली. आज ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६६ मध्ये आहे. पोक्सो कायद्याखाली मुलाची साक्ष आईवडील किंवा त्याच्या विश्वासातले माणूस जवळ असताना घेतली जाते. वकिलांनी प्रश्न न्यायाधीशांकडे द्यायचे आणि न्यायाधीशांनी ते मुलाला विचारायचे, अशी रीत आहे. कुटुंब न्यायालयात तर नवरा-बायको यांपैकी एकाने जरी मागणी केली, तरी दार बंद करावेच लागते.

अशा खटल्यांत जे सांगायचे असते, ते अनोळखी गर्दीसमोर सांगता येत नाही. साक्षीदार गप्प राहिला तर फायदा गुन्हेगाराचाच होतो. पण दार बंद झाले म्हणून आरोपीचा हक्क जात नाही. त्याचा वकील आत असतो, उलटतपासणी होते, सगळे नोंदले जाते. शासकीय गुपिते कायद्याखाली लोकांना बाहेर ठेवून खटला चालवला, तरी शिक्षा मात्र उघड्या न्यायालयातच सुनवावी लागते.

आता मुद्दा आपल्या हातातल्या फोनचा. लैंगिक गुन्ह्यातील पीडितेचे नाव किंवा ओळख पटेल असा कोणताही मजकूर प्रसिद्ध करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. 'ओळख पटेल असा' हे शब्द आपण विशेष लक्षात ठेवावेत. आपल्या गावांत मराठी घरे मोजकी. आडनाव, कॉलनी आणि शाळा एवढे तीन शब्द ग्रुपवर पडले, की नाव सांगायची गरजच उरत नाही. सांगणाऱ्याचा हेतू बहुधा वाईट नसतो. "काळजी वाटली म्हणून टाकले" असेच तो म्हणतो. पण त्या मुलीला उद्या त्याच शाळेत आणि गणेशोत्सवात त्याच मंडपात यायचे असते.

तेव्हा असा मेसेज आला तर पुढे पाठवू नका, आणि ज्याने टाकला त्याला फोन करून तो काढायला सांगा. वयाने मोठा असला तरी सांगा.