हत्तीच्या नावानं वर्गणी

वर्गणी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? भाद्रपद जवळ आला की दारात उभी राहणारी चार पोरं, हातात पावतीपुस्तक आणि "काका, मागच्या वर्षी पाचशे दिले होते" हा ठरलेला डायलॉग. आता त्यातलाच एखादा म्हणाला, "काका, यंदा मी वाळवंटात शंभर किलोमीटर चालणार आहे, त्याचे पैसे द्या," तर काका काय म्हणतील? "तू चाल ना बाबा, मी कशाला पैसे देऊ?"

नेमका हाच प्रश्न गेले काही दिवस आमच्या ट्रेक ग्रुपमध्ये धुमसतोय. निमित्त झालं ब्रिटनमध्ये नोकरी करणाऱ्या आमच्या एका सीनियरच्या मेलचं. तो नामिबियाच्या वाळवंटात 'स्पॉन्सर्ड ट्रेक' करणार आहे. जमलेला पैसा तिथल्या हत्तींच्या संरक्षणासाठी जाणार आहे आणि आपण सगळ्यांनी यथाशक्ती हातभार लावावा, असं त्याचं म्हणणं. झालं! कँटीनमध्ये दोन तट पडले. एक तट म्हणतो, "काय भारी कल्पना आहे, आपणही करू." दुसरा म्हणतो, "लोकांच्या पैशानं फॉरेन ट्रिप, वर पुण्य फुकट!" मला विचाराल तर दोघंही अर्धे अर्धे बरोबर आहेत. म्हणून हा लेखप्रपंच.

चालून पैसे जमवायची ही पद्धत ब्रिटनमध्ये चांगलीच रुळलेली आहे. आपल्याला कळेल असं उदाहरण द्यायचं तर इयान बोथम! १९८५ मध्ये हा गडी रक्ताच्या कर्करोगावरच्या संशोधनासाठी स्कॉटलंडच्या उत्तर टोकापासून इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकापर्यंत चालत गेला आणि त्यानं लाखो पौंड जमवले. १९८८ मध्ये त्यानं कहरच केला. हॅनिबलनं इसवी सनापूर्वी २१८ मध्ये हत्ती घेऊन आल्प्स ओलांडला होता, म्हणून बोथमही हत्ती घेऊन आल्प्सकडे निघाला. तेव्हा माणसांसाठी हत्ती चालले, आता हत्तींसाठी माणसं चालतायत. काळाचा महिमा, दुसरं काय!

पण चेष्टा पुरे. ज्या हत्तींसाठी हा खटाटोप चाललाय ते हत्ती आहेत कोण?

नामिबियाच्या वायव्य कोपऱ्यात कुनेने नावाचा प्रदेश आहे. तिथल्या वाळवंटी पट्ट्यात अख्ख्या वर्षात १०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पुष्कळदा त्याहूनही कमी. आपल्या महाबळेश्वरात जुलैत एखाद्या दिवसात तेवढा कोसळतो. होआनिब, होआरुसिब, हुआब, उगाब या तिथल्या नद्या. नद्या म्हणायच्या एवढंच, कारण वर्षातला बहुतेक काळ त्या कोरड्या वाळूचे पट्टे असतात. आणि या वाळूत हत्ती राहतात! ही काही वेगळी जात नाही. आफ्रिकेतल्या इतर गवताळ भागांत दिसतो तोच हत्ती, पण पिढ्यान् पिढ्या वाळवंटात राहायला शिकलेला. पाणी कुठे आहे हे कळपातल्या म्हाताऱ्या हत्तिणीला पाठ असतं. नदीच्या पात्रात सोंडेनं आणि पायानं झिरा खणून ते पाणी काढतात. एरवी मोठ्या हत्तीला दिवसाला दीडशे-दोनशे लिटर पाणी लागतं, हे मात्र वेळ पडली तर दोन-तीन दिवस पाण्याविना काढतात. आपल्या हॉस्टेलला एक दिवस टँकर आला नाही तर आपण रेक्टरच्या खोलीवर मोर्चा नेतो, हे जाता जाता आठवून बघा.

आता गोष्टीतला दुसरा पक्ष. याच भागात दमारा, हिम्बा, हेरेरो लोक राहतात. शेळ्या-मेंढ्या आणि गुरं हे त्यांचं धन. त्यांनी बोअर मारायची, पवनचक्की किंवा सोलर पंप बसवायचा, टाकी बांधायची, आणि रात्री तहानलेल्या कळपानं येऊन पाइप उखडून टाकायचा. हत्तीची त्यात काही दुष्टाई नाही, त्याला फक्त पाण्याचा वास आलेला असतो. पण सकाळी उठून मोडलेला पंप बघणाऱ्या बाईला 'हत्ती हा निसर्गाचा चमत्कार आहे' असं सांगायची कुणाची छाती आहे?

१९७० आणि ८० च्या दशकांत इथे शिकार आणि दुष्काळ या दोन्हींनी मिळून हत्तींचा आणि काळ्या गेंड्यांचा जवळजवळ निकाल लावला होता. त्या वेळी गार्थ ओवेन-स्मिथ या दक्षिण आफ्रिकी माणसानं एक साधी गोष्ट केली. बाहेरून बंदूकवाले शिपाई आणण्याऐवजी त्यानं गावच्या मुखियांशी बोलणी केली आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला गावकऱ्यांमधूनच राखणदार नेमले. वाळूतला माग त्यांच्याइतका कोण वाचणार? पुढे १९९० मध्ये देश स्वतंत्र झाला. १९९६ च्या कायद्यानं आपल्या भागातल्या वन्यप्राण्यांवर आणि पर्यटनाच्या उत्पन्नावर गावांना हक्क मिळाले. आज तिथे अशी ८० हून अधिक सामूहिक संरक्षण क्षेत्रं आहेत आणि त्यांनी देशाचा जवळजवळ पाचवा हिस्सा व्यापलाय. ओवेन-स्मिथ आणि त्याची सहकारी मार्गारेट जेकबसन यांना १९९३ मध्ये गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. २०२० मध्ये तो गेला.

आणि आपल्या धंद्याची गोष्ट तर पुढेच आहे. तिथे 'एलिफंट-ह्युमन रिलेशन्स एड' नावाची संस्था आहे. तिच्याकडे येणारे स्वयंसेवक एक आठवडा गवंडीकाम करतात आणि दुसऱ्या आठवड्यात हत्तींच्या मागावर फिरून नोंदी ठेवतात. गवंडीकाम कसलं, तर पंप आणि टाकीभोवती दगड-सिमेंटची भक्कम भिंत. हत्तीला पाणी मिळावं, पण त्याची सोंड पाइपापर्यंत पोचू नये, एवढंच डिझाइनचं सूत्र! सिव्हिलवाल्यांनो, यात ना रॉकेट सायन्स आहे ना एआय. पण त्या भिंतीमुळे गावकऱ्याचा पंप वाचतो, आणि पंप वाचला की हत्तीवरचा रागही ओसरतो. संरक्षण संरक्षण म्हणतात ते शेवटी या भिंतीपाशी येऊन थांबतं.

आता पैशांकडे वळू. स्पॉन्सर्ड ट्रेकचे साधारण दोन प्रकार असतात. पहिल्यात चालणारा विमान, तंबू, जेवण हा सगळा खर्च स्वतः करतो आणि जमवलेली वर्गणी पूर्ण संस्थेला देतो. दुसऱ्यात तो नोंदणी फी भरतो, ठरावीक किमान रक्कम जमवायची हमी देतो, आणि त्याच रकमेतून त्याचा प्रवासखर्च वळता होतो. म्हणजे समजा, मी हत्तींसाठी शंभर रुपये दिले आणि त्यातले पन्नास विमान कंपनीला आणि टूरवाल्याला गेले, तर मी अर्धा हत्ती वाचवला आणि अर्धं तिकीट काढून दिलं! याला फसवणूक म्हणता येणार नाही, जर मला ते आधी सांगितलं असेल तर. पण मेलमध्ये हत्तीच्या पिल्लाचा फोटो असतो, तिकिटाचा हिशेब नसतो. माझा आक्षेप नेमका इथे आहे. त्यात लंडनहून विंडहुकपर्यंत आठ हजार किलोमीटरच्या वर विमान उडणार, तेही ज्या भागात दुष्काळ हीच मोठी आपत्ती आहे तिथल्या प्राण्यांच्या नावानं. हेही कुठेतरी टोचतं.

आमच्यातला एक जण म्हणाला, "मग चालायचंच कशाला? सरळ पैसे पाठवा ना!" युक्तिवाद बिनतोड आहे, पण माणूस असा वागत नाही. त्या मेलच्या आधी आमच्यापैकी किती जणांनी कुनेनेचं नाव ऐकलं होतं? मी तरी नाही. ओळखीचा माणूस घाम गाळणार म्हटल्यावर आपण खिशात हात घालतो आणि नकाशाही उघडतो. शिवाय ट्रेक नीट आखला तर वाटाड्या, स्वयंपाकी, माग काढणारा, तळाची जागा देणारं गाव, सगळ्यांना रोजगार मिळतो. जिवंत हत्तीमुळे चूल पेटते हे गावाला दिसणं हे शंभर पोस्टरांपेक्षा मोलाचं आहे. म्हणून 'लोकांच्या पैशानं ट्रिप' म्हणून सगळंच मोडीत काढणाऱ्या तटाशीही माझं जमत नाही.

मात्र लांबून वर्गणी देणाऱ्यांनी एक पथ्य पाळावं. तिथल्या लोकांना शहाणपण शिकवू नये. २०२४ मध्ये भीषण दुष्काळात नामिबिया सरकारनं ७२३ वन्यप्राणी मारून त्यांचं मांस लोकांना वाटायचं ठरवलं. त्यात ८३ हत्ती होते. जगभर गदारोळ उठला. मलाही वाचून वाईट वाटलं. पण ज्या देशानं एवढ्या अडचणीतून हत्ती टिकवले त्याला दोन वेळ पोटभर जेवणाऱ्यांनी एका ईमेलवर खुनी ठरवावं, हे काही पटत नाही. विरोध जरूर करा, पण आधी मोडलेल्या पंपाची किंमत विचारा.

आणि मंडळी, हत्तीचा प्रश्न बघायला आपल्याला आठ हजार किलोमीटर जायची गरज आहे का? २००२ मध्ये कर्नाटकातून हत्ती सिंधुदुर्गात उतरले. दोडामार्ग तालुक्यात, तिलारीच्या खोऱ्यात माड, सुपारी, केळी, भात यांची नासधूस हा तेव्हापासून रोजचा विषय झालाय. गडचिरोलीत २०२१ पासून छत्तीसगडच्या बाजूनं आलेला कळप वावरतोय. माणसंही दगावली आहेत. देशात २०२५ मध्ये जाहीर झालेल्या डीएनएवर आधारलेल्या अंदाजानुसार २२,४४६ जंगली हत्ती आहेत, म्हणजे हा प्रश्न आपला मोठाच आहे. ईशान्येत रेल्वेनं रुळांशेजारच्या ऑप्टिकल फायबरमधून हत्तीच्या पावलांची कंपनं ओळखणारी यंत्रणा बसवायला घेतली आहे. केनियात मधमाश्यांच्या पेट्यांचं कुंपण करून हत्तींना शेतापासून दूर ठेवतात. आणि आपण? आपण फायनल इयरला पुन्हा एकदा 'अटेंडन्स सिस्टिम' करतो, तीही मागच्या बॅचची!

म्हणून आमच्या ग्रुपपुढे माझा प्रस्ताव असा. सीनियरला एकच प्रश्न विचारायचा: तुझा खर्च कुणाच्या खिशातून? स्वतःच्या म्हणाला तर जमेल तेवढे पैसे द्यायचे. वर्गणीतून म्हणाला तर पैसे थेट तिथल्या भिंती बांधणाऱ्या संस्थेला पाठवायचे आणि त्याला तसं मोकळेपणानं कळवायचं. आणि आपला स्वतःचा स्पॉन्सर्ड ट्रेकही करायचा, सह्याद्रीतच. नियम तीन. एसटीपासून वडापावपर्यंत सगळा खर्च आपला. वर्गणीच्या प्रत्येक रुपयाची पावती, आणि हिशेब नोटीस बोर्डावर. आणि पैसा कशावर खर्च व्हावा हे आधी दोडामार्गच्या बागायतदाराला विचारायचं, मग आपण ठरवायचं. त्याला सौर कुंपण हवं असेल, इशारा देणारा भोंगा हवा असेल, किंवा पंचनामा वेळेवर व्हावा म्हणून कुणीतरी पाठपुरावा करायला हवा असेल. शेवटच्या कामाला तर पैसेही लागत नाहीत, नुसते हेलपाटे लागतात. आणि चालायची तर आपली तयारी आहेच ना?

बघा पटतंय का. पटलं तर सबमिशन संपल्यावर भेटा. नाही पटलं तर कँटीनमध्ये भांडायला या, चहा तुमच्याकडून!