गेनपेक्षा सॉकेट सांभाळा

पालघर तालुक्यातल्या खामलोली, बहाडोली परिसरात आयआयटी मुंबईच्या प्रा. अभय करंदीकर यांच्या चमूने दूरदर्शनच्या रिकाम्या पट्ट्यावरून इंटरनेट पोचवले. देशातला तो अशा प्रकारचा पहिला प्रयोग. पाचशे मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी दाट झाडीतूनही वाट काढतात, म्हणून तो पट्टा निवडला गेला. पण त्यासाठी खास प्रायोगिक परवाना लागला. घरी अँटेना बनवणाऱ्यांना विनापरवाना मोकळे आहेत ते 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झचे पट्टे, आणि या लहरी ओल्या पानांत जिरतात. तेव्हा 5 किलोमीटरच्या जोडणीला मध्यावर चहूबाजूंनी 12 मीटर मोकळी जागा मिळते का, हे आधी पाहावे.

2.4 साठी डबा-अँटेना आजही उत्तम. 9 सेंटिमीटर व्यासाचा डबा, बंद बुडापासून 51 मिलिमीटरवर एन-टाइप सॉकेट, आत 31 मिलिमीटर तांब्याची तार. तार थोडी लांब ठेवावी आणि कानशीने घासत मापावर आणावी. साडेनऊ सेंटिमीटरचा डबा घेऊ नये. त्यात नको असलेला दुसरा मोड शिरतो.

आपल्यातले बरेच जण इथेच थांबतात, गेन मोजतात आणि खूश होतात. चिंचणी-तारापूरच्या खाऱ्या वाऱ्यात खरी परीक्षा सॉकेटची असते. तिथे पाणी शिरले की गेनला काही अर्थ उरत नाही. सॉकेटवर रबर टेप ताणून गुंडाळावी, केबलला खाली झोळ द्यावा, डब्याच्या तळाशी पाणी निघायला बारीक भोक ठेवावे. तोंडावर लावायचे प्लास्टिकचे झाकण पाण्याच्या पेल्यासोबत मायक्रोवेव्हमध्ये मिनिटभर ठेवून पाहावे. तापले तर ते लहरी खाते. आणि आरजी-58 केबल वर नेऊच नये. 10 मीटरमध्ये नऊ दशांश शक्ती वाया जाते. रेडिओच अँटेनाशेजारी बसवावा.

नियमाचेही भान हवे. 2.4 गिगाहर्ट्झवर अँटेनाचा गेन धरून मर्यादा 4 वॅटची आहे. 24 डेसिबलची जाळीदार डिश लावली, तर रेडिओ 16 मिलिवॅटपर्यंत उतरवावा लागतो. पूर्ण शक्तीवर सोडलेली डिश शेजारच्या पाड्याची जोडणी बुडवते; असे वागणे आम्हाला अजिबात मान्य नाही.

पावसाआधी मे महिन्यात आणि पावसानंतर पुन्हा ऑक्टोबरमध्ये, त्याच जोडणीवर मिळणाऱ्या सिग्नलची डीबीएममधली नोंद आम्हाला पाठवा. सॉकेट उघडून काढलेला फोटोही सोबत हवा.