नट सांगतो गुंतवा, पण हप्त्याचे काय?

गेल्या महिन्यात कोर्टातून घरी आलो तेव्हा वस्तीतील एक बाई दाराशी बसलेल्या होत्या. चार घरची धुणीभांडी करतात. हातात फायनान्सवाल्यांची नोटीस होती. "वकीलसाहेब, टीव्हीवर एवढी मोठी माणसं सांगतात म्हणून पोरानं महिन्याला पाचशे टाकायला सुरुवात केली. इकडं गटाचे दोन हप्ते थकले."

डोक्यावर ४० हजारांचे कर्ज आणि मुलगा दरमहा गुंतवणूक करतो! मुलाला मी काय दोष देणार? आधी महागडे कर्ज फेडावे, मग गुंतवावे, हा पहिला धडा त्याला कोणी दिलाच नव्हता.

म्युच्युअल फंडवाल्यांच्या 'ॲम्फी' या संघटनेने २०१७ मध्ये 'सही है' ही मोहीम सुरू केली. २०२० मध्ये सचिन तेंडुलकर आणि महेंद्रसिंह धोनी तिच्यात आले. रिझर्व्ह बँकेने अमिताभ बच्चन यांच्या तोंडून ओटीपी कुणाला सांगू नका वगैरे वदवून घेतले. यात खोटे काही नाही. ओटीपीचे ऐकून कुणाची पुंजी वाचली असेल तर आनंदच आहे. पण रिझर्व्ह बँकेच्या वतीने सावध करणारा तोच चेहरा सोनेतारण कर्जाच्या जाहिरातीतही दिसतो. शिकवणारा कोणता आणि विकणारा कोणता, हे आमच्या बायाबापड्यांनी कसे ओळखायचे? जोखमीची सूचना तर अशी घाईत वाचतात की कोर्टातला शिरस्तेदारही लाजेल.

कायदा अगदीच गप्प आहे असे नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम २१ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत झळकणाऱ्यास १० लाखांपर्यंत आणि पुन्हा तसेच केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. जाहिराती करण्यावर एक वर्षाची, पुढे तीन वर्षांपर्यंत बंदीही घालता येते. मात्र आपण खातरजमा केली होती असे दाखवले की तो सुटतो, आणि दंड झालाच तरी तो बुडालेल्याच्या हातात पडत नाही. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून बंदी आणली, त्यांच्या जाहिराती करणेही गुन्हा ठरवले. त्याआधी कित्येक वर्षे नामांकित क्रिकेटपटूंनी या खेळांच्या जाहिराती केल्या. त्या पाहून मजुरीचे पैसे लावलेल्या पोरांचे काय, हे विचारायला कोणी फिरकले नाही.

आता त्या बाईंच्या कर्जाकडे येऊ. त्यांना सांगितले होते, "१२ टक्के, फ्लॅट." म्हणजे ४० हजारांवर वर्षाला ४,८०० व्याज आणि बारा हप्ते प्रत्येकी सुमारे ३,७३३ रुपयांचे. ऐकायला स्वस्त वाटते. पण सहा महिन्यांत निम्मे कर्ज फिटलेले असते, तरी व्याज मात्र अखेरपर्यंत पूर्ण ४० हजारांवरच धरलेले. शिल्लक रकमेवर हिशेब केला तर हाच दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. त्यातही पूर्ण ४० हजार हातात पडलेच नव्हते. प्रक्रिया शुल्क आणि विम्याचा हप्ता आधीच कापलेला. हा हिशेब कोणत्या नटाने कधी जाहिरातीत मांडला?

रिझर्व्ह बँकेचा नियम असा आहे की १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या किरकोळ कर्जांना 'केएफएस', म्हणजे कर्जाच्या मुख्य बाबींचे विवरणपत्र, द्यावेच लागते. सगळे खर्च धरून पडणारा वार्षिक दर त्यात असतो. ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत हवे आणि समजावूनही सांगायला हवे. त्यात न लिहिलेले शुल्क कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय घेता येत नाही. बाईंचे कर्ज त्यानंतरचे. त्यांच्या फायलीतली सगळी पाने इंग्रजीत आणि प्रत्येकावर त्यांची मोडकीतोडकी सही! वसुलीवाला रात्री नऊला दारात येतो. अशा गटकर्जांच्या वसुलीसाठी सकाळी नऊपूर्वी आणि संध्याकाळी सहानंतर फोन करू नये, असे रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्येच बजावले आहे. इथे तर माणूसच दारात उभा!

आणखी एक गोष्ट मनाला फार लागते. अनेकांच्या पासबुकात वर्षाला ४३६ रुपये आणि २० रुपये कापल्याची नोंद असते. पहिला जीवन ज्योती विमा, दुसरा सुरक्षा विमा. पहिल्यात कोणत्याही कारणाने आणि दुसऱ्यात अपघाताने मृत्यू आल्यास वारसाला दोन लाख मिळतात. पण माणूस गेल्यावर घरचे अंत्यविधीसाठी व्याजाने पैसे काढतात. पासबुक मात्र पत्र्याच्या पेटीत तसेच राहते.

बाईंच्या वतीने मी कंपनीला पत्र दिले, विवरणपत्र मराठीत मागितले आणि रात्रीची वसुली थांबवा असे बजावले. आठ दिवसांत मराठी पान आले. दर वाचून त्यांच्या मुलाने महिन्याचे पाचशे थांबवले आणि ते हप्त्याकडे वळवले. येत्या रविवारी सकाळी दहाला समाजमंदिरात हेच पान सर्वांसमोर वाचणार आहोत. ज्यांच्या घरी गटाचे कर्ज आहे त्यांनी आपापली फाईल आणि पासबुक घेऊन यावे. फी नाही.