एका जनुकानं गहू तगणार नाही

ऊन सोसेनासं झालं की माणूस सावली गाठतो, गुरंही झाडाखाली जाऊन बसतात. झाडाला मात्र जागचं हलता येत नाही. त्याच्या पेशींतल्या प्रथिनांची घडी नीट बसलेली असते तोवरच ती काम करतात. ताप वाढला की घड्या सुटतात, सुटलेली प्रथिनं एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात. त्यावर वनस्पतींनी जमवलेला उपाय म्हणजे शॅपरोन प्रथिनांचा मोठा गोतावळा. नवरीबरोबर सासरी जाऊन ती रुळली की परतणाऱ्या पाठराखिणीसारखं त्यांचं काम असतं: दुसऱ्याची घडी बसेपर्यंत सोबत करायची, मग बाजूला व्हायचं.

या गोतावळ्यातली विविधता थक्क करणारी आहे. हरितलवकातलं रुबिस्को हवेतला कार्बन पकडतं. त्याचे आठ मोठे आणि आठ छोटे भाग जुळावे लागतात. मोठा भाग जुळण्याआधी दुसऱ्याच एका प्रथिनाला चिकटलेला असतो, हे बॅराक्लफ आणि जॉन एलिस यांनी 1980 साली दाखवलं. पुढे 2017 मध्ये मानाजित हायर-हार्टल यांच्या गटानं जिवाणूत वनस्पतीचं रुबिस्को घडवलं, तेव्हा घडी घालणाऱ्या त्या शॅपरोनखेरीज आणखी चार मदतनीस प्रथिनं द्यावी लागली. एका प्रथिनासाठी एवढा लवाजमा! एचएसपी101 या शॅपरोनचं काम याहून वेगळं. झालेल्या गुठळीतून ते एकेक प्रथिन ओढून सोडवतं. अराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या वनस्पतीच्या रोपाला आधी सोसवेल एवढी ऊब दिली, तर पुढची एरवी जीवघेणी उष्णता ते झेलतं. पण हे एकच प्रथिन बिघडलेलं असेल तर ती तयारी वाया जाते.

दिल्ली विद्यापीठात अनिल ग्रोव्हर यांच्या गटानं 2003 साली अराबिडॉप्सिसमधलं या प्रथिनाचं जनुक बासमती भातात घातलं आणि रोपं उष्णतेनंतर अधिक चांगली सावरली. काम मोलाचंच. पण त्यावरून ‘उष्णतारोधक वाण आता आलाच’ असं म्हणणं मला पटत नाही. रोप जगणं वेगळं, दाणा भरणं वेगळं. अनेक पिकांच्या पक्व परागकणांत शॅपरोन तयार करण्याचा प्रतिसाद फार क्षीण असतो. म्हणजे पान हिरवं राहील आणि कणसात दाणा धरणार नाही.

मार्च 2022च्या उष्णतेनं उत्तर भारतातला गहू दाणे भरायच्या ऐन दिवसांत गाठला आणि 13 मे रोजी केंद्रानं गव्हाच्या निर्यातीवर बंदी घातली. म्हणून कृषी विद्यापीठांना माझी विनंती आहे. उष्णतेची चाचणी रोपावर थांबवू नका, ती फुलोऱ्यात आणि दाणे भरताना घ्या. आपल्या खपली आणि बन्सी गव्हाच्या परागकणांत कोणते शॅपरोन किती आणि केव्हा तयार होतात, ते उशिरा पेरलेल्या रानात मोजा. नव्या वाणाची शिफारस त्यानंतर करा.