नेम कुठे धरावा?

पूलच्या टेबलावर सरळ चेंडू कुणीही घालतो. खरा कस लागतो तो कट मारताना. त्यासाठी नेमाच्या दोन पद्धती सांगतात. पहिलीत, पांढरा चेंडू रंगीत चेंडूला जिथे टेकायला हवा तिथे एक काल्पनिक चेंडू पाहायचा आणि त्याच्या मध्यावर नेम धरायचा. दुसरीत भाग मोजायचे. पांढऱ्याचा मध्य रंगीत चेंडूच्या कडेवर रोखला, की अर्धा चेंडू लागतो आणि रंगीत चेंडू सुमारे ३० अंशांत सुटतो.

श्रेष्ठ कोणती? भूमिती दोहोंची एकच. दोहोंना चकवते ते घर्षण! चेंडू एकमेकांवर घासतात आणि रंगीत चेंडू हिशेबापेक्षा किंचित कमी वळतो. ही कसर सरावानेच भरून निघते. मग पद्धत हवी कशाला? नेम ठरलेला नसेल, तर डोळा चुकला की हात, हे कळणार कसे? म्हणून एकच पद्धत धरावी, चेंडूंच्या जागा खुणेने पक्क्या कराव्यात आणि तोच अवघड फटका ५० वेळा मारावा. चेंडू कोणत्या बाजूला चुकतो, तेही लिहून ठेवावे.

कॅरमवर हात बसलेल्या घरांना हे नवे नाही. तरीही दोन चाचण्यांत गुण घसरले, की आपण मुलांचा क्लास बदलतो. नेम बदलण्याची घाई मुलांना नसते, आपल्यालाच असते.