इंजिन बदललं, हे सांगायला लाज कसली?

जुन्या ट्रकला अलीकडे बरे दिवस आलेत. एरवी भंगारात वजनावर गेला असता, तो ट्रक कुणी शौकीन रंगवून हॉटेलच्या दारात उभा करतो, कुणी शूटिंगला भाड्याने देतो. मग विकताना दोन प्रश्न हमखास येतात. मॉडेल कोणत्या सालचं? आणि इंजिन मूळचं आहे का? या प्रश्नांना बाजारात जी बेधडक उत्तरं दिली जातात, त्यांबद्दल मला बोलायचं आहे.

आधी साल. आरसी बुकात असते ती नोंदणीची तारीख. पूर्वी कंपनीकडून बहुधा नुसती चासी यायची. केबिन आणि बॉडी गावातला सुतार-लोहार बांधायचा आणि मग पासिंग व्हायचं. म्हणजे १९५८ची चासी कागदावर १९५९ची होऊ शकते. तोंडावरून सांगावं, तर तिथेही गोम आहे. टेल्को आणि डाइमलर-बेंझ यांचा करार १९५४ ते १९६९ असा पंधरा वर्षांचा. त्या काळातल्या ट्रकवर तीन टोकांचा तारा असे, नंतर टाटांचं चिन्ह आलं. पण तारा हा पुरावा नव्हे. जाळी आणि बोनेट तर चार बोल्ट काढले की बदलतात. भरवसा ठेवायचा तो चासीवर ठोकलेल्या नंबरावर, आणि तोही आरसीशी ताडून.

इंजिनाची गोष्ट अजून अवघड. सुरुवातीच्या एल-३१२ ट्रकचं डिझेल इंजिन सहा सिलिंडरचं, बोअर ९० मिलिमीटर, सुमारे ४.६ लिटर. पुढच्या टाटा ६९७ची बोअर ९७. नावातच सहा सिलिंडर आणि ९७ मिलिमीटर आहे. पण नुसती बोअर मोजून निकाल देऊ नये. रिबोअर केलेलं इंजिन थोडं मोठं भरतंच. इंजिन नंबर आरसीशी जुळतो का ते पाहावं. ब्लॉकवर ओतकामाची उठावदार तारीख असेल तर तीही वाचावी. ट्रक बाहेर पडल्यानंतर ओतलेला ब्लॉक त्या ट्रकचा मूळ ब्लॉक असूच शकत नाही.

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातल्या डॉज आणि फार्गोंचंही तसंच. पेट्रोल इंजिन काढून मद्रासच्या सिम्पसनने बनवलेलं पर्किन्स डिझेल बसवणं हा पोटापाण्याचा हिशेब होता, कारण डिझेल स्वस्त पडायचं. आणि पर्किन्स दिसलं की बदललेलंच, असंही नाही. कारखान्यातून डिझेलवर निघालेले ट्रकही होते.

म्हणजे इंजिन बदलणं हा त्या ट्रकचा ऐब नाही. चाळीस-पन्नास वर्षं घाट चढलेल्या गाडीचं ते साधं आयुष्य आहे. ऐब सुरू होतो तो ग्राइंडरने जुना नंबर घासून त्या जागी आरसीवरचा नंबर ठोकला जातो तेव्हा. चोरीच्या गाड्या पचवणारे हेच करतात. 'गिऱ्हाइकाला तेच हवं असतं' असं म्हणून ते खपवणारे आपल्यातही आहेत, म्हणून बोलतो.

हदीसमधला प्रसंग आपण लहानपणापासून ऐकतो. पैगंबर (स.) बाजारात धान्याच्या राशीत हात घालतात, आत ओल लागते. पावसाने भिजलं, असं विक्रेता सांगतो. मग ओलं धान्य वर का ठेवलं नाहीस, लोकांना दिसलं असतं, असं ते विचारतात. भिजलेलं धान्य विकू नकोस, असं तिथे म्हटलेलं नाही. झाकू नकोस, एवढंच. बदललेल्या इंजिनाला यापेक्षा वेगळा नियम कशाला हवा?

दोष विकणाऱ्याचा एकट्याचा नाही. केंद्राच्या २०२१च्या व्हिंटेज नियमांना पन्नास वर्षांहून जुनी, चासी-बॉडी-इंजिनात मोठा बदल नसलेली गाडी हवी. ते नियम खासगी दुचाकी-चारचाकींसाठी आहेत, पण 'ओरिजिनल'चं वेड तिथून मालट्रकच्या बाजारातही उतरतं. ज्या देशात गाडी टिकलीच मुळी मिस्त्रीच्या जुगाडावर, तिथे न बदललेल्या गाडीलाच मान देणं म्हणजे त्या मिस्त्रीच्या हातांना खोटं ठरवणं. कितीतरी गावांत ते हात आपल्याच मोहल्ल्यातले होते.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. जुना ट्रक विकताना आरसीसोबत एक कागद द्यावा. चासी नंबर काय, आरसीवरचा इंजिन नंबर काय, आज ब्लॉकवर कोणता आहे, इंजिन कधी आणि कुणी बदललं, आरटीओत नोंद आहे की नाही. माहीत नसेल तिथे 'माहीत नाही' लिहावं. घेणाऱ्यानेही त्या कागदाची किंमत करावी. दोन पैसे कमी मिळतील कदाचित, पण ते हलाल असतील. आणि ट्रकची खरी कहाणी पुढच्या मालकाच्या हाती पडेल.